कपाटातल्या डबीची डावी अँटेना

१४ नोव्हेंबर, गुरुवार. दूध उशिरा आले. नातीची नोकरीची मुलाखत दुपारी चारला, मागच्या खोलीतून, कॉम्प्युटरवर. भावोजींनी सकाळी नऊपासून वायफाय दुरुस्त करायला घेतले आहे. काल ते चालू होते.

एवढं लिहून वहिनींनी पेनाला टोपण घातलं.

त्यांचे दीर टेलिफोन खात्यातले निवृत्त मेकॅनिक. अडतीस वर्षं गावाचे फोन त्यांनी बोलते केले. घरचा तेवढा पोट फाडून टेबलावर पडलेला असे. निवृत्तीनंतर त्यांच्या तावडीत राऊटर सापडला. कंपनीनं त्यात घातलेलं सॉफ्टवेअर त्यांनी बाळबोध ठरवून पुसलं आणि जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेलं, कुणालाही फुकट मिळणारं आणि कुणालाही बिघडवता येणारं सॉफ्टवेअर भरलं. त्यात शेकडो बटणं होती. भावोजींना देव भेटला.

आज नातीसाठी म्हणून त्यांनी खास सुधारणा केली होती. राऊटर बोळातल्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर. "डावी अँटेना मागच्या खोलीकडे आहे, तेव्हा सगळं प्रक्षेपण डावीकडूनच," असं म्हणून त्यांनी सेटिंगमध्ये डाव्या अँटेनाचा क्रमांक, म्हणजे दोनाचा आकडा टाकला. तेव्हापासून मागच्या खोलीत वायफाय औषधालाही उरलं नाही.

"आजोबा, साडेतीन वाजले," नात म्हणाली. "मोबाईलला रेंज फक्त जिन्यात आहे. आणि वायफाय कपाटात डोकं घातलं तरच येतंय. तिथूनच देऊ का मुलाखत? साहेबांना तुमचे बनियनही दिसतील."

"दोष ड्रायव्हरचा आहे," भावोजी गंभीरपणे म्हणाले. "आतल्या रेडिओला हुकूम देणारा प्रोग्राम असतो, तो. मी त्या हौशी मंडळींच्या फोरमवर लिहिलंय. उत्तर येईल."

"कधी?"

"मागच्या वेळी अकरा दिवसांनी आलं होतं."

"म्हणजे दुसरा उमेदवार कामावर रुजू झाल्यावर," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, सकाळपासून काय काय बदललंत?"

"सगळं डोक्यात आहे, वहिनी."

"मग तेही एकदा बंद करून चालू करा. कागदावर काही आहे?"

कागदावर अर्थात काही नव्हतं. मेकॅनिक लिहीत नसतो, त्याला कळत असतं. सेटिंग पूर्ववत करावं तर पूर्वी कोणतं होतं, हेच आता ते कळणारे गृहस्थ विसरले होते.

वहिनींनी यंदाची डायरी मागे चाळायला घेतली. सप्टेंबरात त्यांचं बोट थांबलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. पाऊण वाजल्यापासून उपाशी बसलेल्या नातीनं वर पाहिलं, तेव्हा कुठे त्यांनी वाचलं: "२ सप्टेंबर. कपाटाचे दार लागत नाही, म्हणून भावोजींना वायफायच्या डबीची डावी अँटेना काढायला लावली. सुयादोऱ्याच्या डब्यात ठेवली."

भावोजींनी मान वर करून कपाटाच्या वरच्या फळीकडे पाहिलं.

"म्हणजे आपण दिवसभर रिकाम्या भोकातून प्रक्षेपण करत होतो," भावोजी म्हणाले.

"तुम्ही करत होता," नात म्हणाली.

"काढायला कोणी लावली?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "लिहिलंय ना. स्टुलावर चढा आता, पावणेचार झाले."

अँटेना पिळून बसवायला अर्धं मिनिट लागलं. मुलाखत चारला सुरू झाली आणि पस्तीस मिनिटं एकदाही तुटली नाही. शेवटी साहेबांनी नातीला विचारलं, सोमवारी येऊ शकाल का. भावोजी दाराबाहेर उभे होते. ते ऐकून ते एवढंच म्हणाले की ड्रायव्हर मुळात चांगलाच आहे.

रात्री जेवणाआधी वहिनींनी त्याच पानावर खाली एक ओळ लिहिली: कपाटाचे दार आता लागत नाही, कडीला सुतळी बांधली.