फाट्यापुढचा टप्पा

मुरबाडहून संध्याकाळच्या एसटीने घरी जाताना एक माणूस मला नेहमी भेटायचा. त्याचं गाव वैशाखरे, पण तिकीट कायम एक फाटा अलीकडचं काढायचा. फाट्यापुढे भाड्याचा टप्पा बदलतो, म्हणून तिथे उतरून उरलेला रस्ता तो चालत जाई. तक्रार करायचा तीही हळू आवाजात, खिडकीबाहेर बघत. "लांब ऱ्हातो त्याला जास्त भाडं. पन लांब कोन हौशीनं ऱ्हातो, दादा?" माझ्याकडे महिन्याचा पास होता. मी नुसती मान हलवायचो.

उन्हाळ्यात त्याची बायको आजारी पडली. दवाखान्यातून परत नेताना तिचं सवलतीचं अर्धं तिकीट तो गावापर्यंत काढायचा आणि स्वतः फाट्यावर उतरायचा. एके दिवशी तिला धड बसवतही नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "बसून ऱ्हा, कोन बघतंय." मीही म्हणालो, तुमचं तिकीट मी काढतो.

"आज तुमी काढाल. रोज कोन काढनार?" एवढं बोलून तो उतरला.

वैशाखऱ्याला मी तिला हात धरून उतरवलं आणि झाडाखाली बसवलं.

"ते कवा येतील?" तिने विचारलं.

"येतीलच आता," म्हणून मी परत गाडीत चढलो.

तो चालत पोचला तेव्हा तिचा जीव गेला होता.

महिन्याभराने तो गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला. मग त्याने विचारलं, "उतरताना ती काय बोलली का?"

"नाय," मी म्हणालो.