युनिटमधला भाऊ

धाकटा भाऊ फौजेत लागला तेव्हा सानगडीच्या आमच्या घरात सगळ्यात जास्त मीच नाचलो होतो. भरतीसाठी आम्ही दोघं तलावाच्या पाळीवरून बरोबरच धावायचो. तो निवडला गेला, मी छातीच्या मापात कमी पडलो. त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटू लागलं ते त्याच्या सुट्ट्यांमध्ये. घरी आला तरी अर्धा वेळ फोनवर, दोस्तांशी हिंदीत हसणं चाललेलं.

शेवटच्या सुट्टीत आमची धानाची रोवणी सुरू होती. तो बांधावर उभा राहून राजस्थानच्या एका दोस्ताशी बोलत होता. मी चिखलातून म्हणालो, "तुले आता थेच भाऊ झाले. आमी कोन?"

त्याने फोन बंद केला, बांधीत उतरला आणि संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी पऱ्ह्यातली रोपं उपटत राहिला.

चार महिन्यांनी पहाडात त्यांची गाडी दरीत कोसळली. लढाई नव्हती, समोर कोणी शत्रू नव्हता. भावाच्या पेटीबरोबर तोच राजस्थानी दोस्त आला, एक हात प्लास्टरमध्ये. दोन दिवस आईजवळ बसून होता. मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

दोन वर्षांनी भंडाऱ्याला फौजेवरचा एक सिनेमा लागला. गावातली पोरं गाड्या करून जात होती. आई म्हणाली, "मले घेऊन चाल." मी टाळून पाहिलं, पण ती हटली नाही.

बॉम्ब फुटले, झेंडा आला, तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती रडली सुरुवातीलाच. बराकीत एक जवान दुसऱ्याचे केस कापत होता, तिसऱ्याच्या घरून आलेले लाडू बाकीचे पळवत होते. "असाच राहत असन का थो?" तिने मला विचारलं. आम्ही त्याला तिथे कधी पाहिलंच नव्हतं.

तो सिनेमा मी नंतर आणखी दोनदा एकट्याने पाहिला. शेवटी एक जवान जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन बर्फातून चालतो, तेवढ्यासाठी. तिसऱ्यांदा बाहेर आलो आणि टॉकीजच्या पायरीवर बसूनच त्या राजस्थानी दोस्ताला फोन लावला.

"शेवटच्या वेळी भाऊ एकटा होता का?" मी हिंदीत विचारलं.

"नहीं," तो म्हणाला. "उसका सिर मेरी गोद में था. आधा घंटा."

"काही बोलला?"

तो म्हणाला, "मुझे पहचाना नहीं उसने. दादा, दादा बोलता रहा. पूछा, दादा, तू है ना. मैंने हाँ बोल दिया. माफ करना भैया."

घरात मला दादा म्हणणारा तो एकटाच होता.

मला त्याला सांगायचं होतं की तू बरोबर केलंस. पण नुसताच फोन कानाला धरून बसलो. तोही बसला असावा, कारण त्याने फोन ठेवला नाही.

घरी आईला मी एवढंच सांगितलं की तो एकटा नव्हता. तिने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. बाकीचं तिला अजून सांगितलेलं नाही.