नवतप्यातला डबा

प्रेमानंद गजघाटे यांनी स्वतःच्या घरासमोर दुसरं घर बांधायला घेतलं. त्याला चाकं होती.

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या त्या लेआउटमध्ये असं काही कुणी पाहिलं नव्हतं. गजघाट्यांनी भंगारातून एका ट्रॉलीचा सांगाडा आणला, त्यावर लोखंडी चौकट वेल्ड केली, चौकटीत थर्माकोल भरलं, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला, आतून प्लायवूड. दोन माणसं झोपतील असा पलंग, त्याखाली पाण्याची टाकी, कोपऱ्यात गॅसची शेगडी. बोलेरोच्या मागे जोडायचं, जाऊ तिथे राहायचं. इतवारीच्या गल्ल्यांमधून बिजागऱ्या, कड्या, रबराच्या पट्ट्या ते स्वतः निवडून आणत. डबा हळूहळू उभा राहिला, आणि ज्या दिवशी त्याचं दार पहिल्यांदा लागलं त्या दिवशी गजघाटे बराच वेळ त्याच्याभोवती फिरत राहिले. आपल्या हातून झालेल्या गोष्टीचा माणसाला इतका अचंबा वाटावा, हे पाहणाऱ्यालाही नवं होतं.

शेजारचे चंपतराव कुंपणावर हात टेकून उभे होते. दोघांची नोकरी एकाच ठिकाणची, खापरखेड्याच्या वीज केंद्रातली, त्यामुळे बोलताना कुणी कुणाची भीड ठेवत नसे.

"काय गा प्रेमानंद, आइस्क्रीमचा ठेला टाकून राहिला का?"

"बायकोले फिरवाचं आहे."

"मंग घोडा कुठी आहे?"

"तू आहे ना. तुलेच जुंपतो."

गजघाट्यांचं सगळं आयुष्य बॉयलरवर गेलं. भट्टीच्या भिंतीत एक झरोका असतो, हाताच्या पंजाएवढा. निळी काच डोळ्यांसमोर धरून त्यातून आत पाहायचं. आत ज्वाळा नसतात. ज्वाळा चुलीला असतात. आत नुसता एक उजेड असतो, सगळीकडून सारखा, त्याला कडा नसते, वर नसतं, खाली नसतं. तरुणपणी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा गजघाट्यांचे पाय हलेनात. पुढे सवय झाली असं ते सांगत, पण ते खरं नसावं, कारण त्याविषयी बोलताना त्यांचा आवाज अजूनही खाली येई, बुद्धविहारात गेल्यावर येतो तसा. वंदनाबाईंना त्यांनी तो उजेड समजावून सांगायचा किती प्रयत्न केला. त्या कणीक मळत ऐकत आणि शेवटी म्हणत, "तुम्ही पाह्यलं. मी काय पाह्यलं?"

त्यांनी काय पाहिलं होतं? कॉलनीतलं क्वार्टर. खिडकीत धुराडी. दोरीवरच्या कपड्यांवर राख, तुळशीच्या पानांवर राख, पहाटे पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव काढता येईल इतकी राख. मुलगी रोशनी तिथेच वाढली, शिकली, मिहानमध्ये विमानं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागली. गजघाटे निवृत्त झाले आणि कुटुंब शहराच्या या दुसऱ्या टोकाला राहायला आलं.

वंदनाबाईंना एकच गोष्ट पाहायची होती. त्यांच्या भावाचं, ताराचंदचं, शेत उमरेडच्या पुढे, जंगलाला लागून. शेताच्या धुऱ्यापलीकडे एक बोडी, म्हणजे लहानसं तळं. मे महिन्यात रानातले नाले आटतात आणि भर दुपारी जनावरं त्या बोडीवर उतरतात. ताराचंद दर उन्हाळ्यात फोन करून सांगे: आज रोही आले, आज रानडुकरं, आज गवा. लहानपणी बापही सांगायचा. पण राखणीला मचाणावर जात ते बाप आणि भाऊ. पोरींनी तिकडे जायचं नाही. हिवाळ्यात जाऊन उपयोग नव्हता. तेव्हा रानात सगळीकडेच पाणी असतं, माणसांच्या इतक्या जवळ कोण येईल?

म्हणजे जायचं तर मे महिन्यात. आणि मे महिनाच त्यांना वर्ज्य होता. मागे एकदा गच्चीवर मूगवड्या घालताना त्या कोसळल्या होत्या. ऊन लागलं होतं. शुद्धीवर आल्या त्या दवाखान्यात. तेव्हापासून रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची ताकीद, पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. शेतावर पक्कं छप्पर नव्हतं. गाव लांब. दुपार त्या डब्यात निभावली तर वंदनाबाई जाणार, नाहीतर नाही. आणि या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी गोळ्या वाढलेल्या असणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

"एसी लावा बाबा," रोशनी म्हणाली. "नाहीतर आई कुठीच जात नाही."

"एवढ्याशा डब्याले एसी? हसतील लोकं."

"लोकं आताबी हसूनच राहिले."

"मी जिथी उभा राह्यलो ना, तिथी तुह्या एसीचं पाणी पाणी झालं असतं."

"तुम्ही उभे राह्यले. आई नाही राह्यली."

कुंपणापलीकडून चंपतरावांचा निकाल आला, "नागपूरचा माणूस हायेस ना बे? छोटा कूलर लाव, वाळ्याची ताटी लाव, झोप."

नवतपा लागला. रोहिणी नक्षत्रातले ते नऊ दिवस, जेव्हा सकाळी आठलाच रस्ते ओस पडतात, लोक डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून निघतात, आणि आकाशाकडे पाहवत नाही. त्या दिवसांत आकाश निळंही नसतं. पांढरं असतं, आणि त्या पांढऱ्यात कुठे कडा नसते. गजघाट्यांनी ठरवलं, परीक्षा घ्यायची तर आत्ताच. त्यांनी डबा सावलीतून ओढून उन्हात उभा केला, भर दुपारी आत जाऊन बसले, दार लावून घेतलं. रोशनीने आत एक तापमापी टांगली होती.

तासाभराने ते बाहेर आले. शर्ट कोरडा. चेहऱ्यावर हसू.

"काही नाही. आरामात झोपाल."

रोशनीने आत डोकावून तापमापी पाहिली. पारा पन्नासाला टेकला होता. तिने तो बापाला दाखवला. त्यांनी आधी पाऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे.

"खराब असंल," ते म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

मग चंपतरावांचं ऐकून कूलर आणला गेला. डब्याला खिडकी एकच, पोळपाटाएवढी. तिच्यात कूलरचं तोंड बसवलं. वाळा भिजला, त्याचा वास सुटला, आणि वंदनाबाई म्हणाल्या, "आता मी बसते."

"आई, नको."

"मलेच राहाचं आहे ना त्यात? का तुह्या बापाले?"

त्या आत गेल्या. गजघाट्यांनी दार लावलं. पहिल्यांदा आतून गाणं गुणगुणल्याचा आवाज आला. मग तो थांबला. रोशनी दाराशीच उभी होती. तिने हाक मारली, उत्तर आलं, पण उशिरा आलं, आणि आवाजात ओळख नव्हती. तिने कडी ओढली. आतून ओली, जड वाफ बाहेर पडली. वंदनाबाई पलंगाच्या कडेला बसलेल्या, चेहरा विटेसारखा लाल, डोळे कुठेतरी लांब.

त्यांना घरात आणून पंख्याखाली निजवलं. ओले पंचे, मीठ-साखरेचं पाणी, पायांवर ओला टॉवेल. हळूहळू नजर जागेवर आली. गजघाटे भिंतीला टेकून उभे होते. ज्या माणसाने आगीशी आयुष्यभर नोकरी केली त्याला आग कळेनाशी झाली होती. ती त्याच्यात कधी शिरली आणि त्याच्या बाजूची होऊन बसली, याचा त्याला पत्ता नव्हता.

ऊन उतरल्यावर वंदनाबाई उठल्या. कुणाचं न ऐकता अंगणात गेल्या. डब्याच्या दाराशी उभं राहून त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं. दाराला रबराची पट्टी होती. खिडकीला दुहेरी पट्टी. पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात चिकट गोंद भरलेला. हवा जायला सुईएवढी वाट नव्हती.

"अजी, हे रबर काहून लावलं एवढं?"

"लावा लागते ना."

"काहून?"

"राख येते," गजघाटे म्हणाले.

गजघाटे आपल्याच शब्दाकडे पाहत असल्यासारखे उभे राहिले.

"जंगलात राख कुठून येईन?" वंदनाबाईंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर नवल वाटत होतं. मग त्या वळल्या आणि घराकडे पाहिलं. या घराच्या खिडक्यांनाही पट्ट्या होत्या. त्या पट्ट्या कुणी लावल्या हे त्यांना आठवत होतं. नवऱ्याने एका बाजूने लावल्या, दुसऱ्या बाजूने त्यांनी. इथे येऊन इतका काळ झाला, राखेचा कण इथे कधी उडाला नाही, आणि दोघं मिळून त्या कणाची वाट अडवून बसले होते. त्यांना हसू फुटलं, इतकं की ओट्यावर बसावं लागलं. गजघाटे आधी गोंधळले, मग तेही हसले.

"चंपतरावच्या बी घराले आहे पट्ट्या," ते म्हणाले.

"असतीलच."

मग प्रश्न पुन्हा तिथेच आला. कूलरला उघडं घर लागतं, एका बाजूने हवा आली की दुसरीकडून गेली पाहिजे. पट्ट्या काढून भिंती कापल्या तर कूलर चालेल. पण भिंती कापल्या की बोडीवरची लू, तो तापलेला वाराही आत येणार, आणि थंड हवेची झुळूक कूलरच्या तोंडापुरती राहणार. एसीला उलट बंद घर लागतं. घर बंद तर होतंच. गजघाटे मात्र अडून बसले होते. त्यांच्या मते एसी म्हणजे हार होती, पण कुणाकडून हे त्यांना सांगता येत नव्हतं.

"एका बाजूची भिंत कापा," वंदनाबाई म्हणाल्या. "पूर्ण. पलंगावरून दिसलं पाहिजे अशी काच लावा. आणि एसी बी लावा."

"दोन्ही?"

"मले पाहाचं आहे. आणि पाहून वापस याचं आहे. दोन्ही."

दुसऱ्या दिवशी गजघाट्यांनी कटर चालवायला घेतला.

नवतपा सरायच्या आत नवराबायको दोघं निघाली. निघताना वंदनाबाईंनी त्रिशरण म्हटलं, बोलेरो सुरू झाली आणि काच लावलेला डबा मागे डुलत चालला. चंपतराव रस्त्यापर्यंत आले. "वाघ दिसला तं त्याले बी थोडी हवा द्या," त्यांनी ओरडून सांगितलं.

ताराचंदच्या शेतावर लाईट दिवसा असे, पंपासाठी. गजघाट्यांनी पंपाच्या खोपटातून वायर ओढली आणि डबा बोडीकडे काच करून मोहाच्या झाडाजवळ उभा केला. सकाळ सरली, ऊन चढलं. रान पानं गाळून उभं होतं, लांबपर्यंत खोडंच खोडं. जमिनीवरची हवा हलत होती, पाण्यासारखी, आणि तिच्यात झाडांचे बुंधे वितळून पुन्हा उभे राहत होते. इतक्या उन्हात काही जिवंत असेल असं वाटत नव्हतं. आत एसी घुमत होता. वंदनाबाई मांडी घालून काचेला नाक लावून बसल्या होत्या.

आधी मधमाश्या आल्या, बोडीच्या काठचा ओला चिखल काळा करून बसल्या. मग माकडं, पिलांना पोटाशी धरून. मग बराच वेळ काही नाही. गजघाट्यांचा डोळा लागत होता इतक्यात वंदनाबाईंनी त्यांचा हात दाबला.

झाडांच्या मागचा एक काळा भाग पुढे सरकला. तो गवा होता. वंदनाबाईंना आधी त्याचे पाय दिसले, गुडघ्यापासून खाली पांढरे, जणू पाय धुऊन आला होता. मग खांदा. तो खांदा संपेचना. येत राहिला, येत राहिला, आणि मग शिंगं. त्याने एकदा डब्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, भीती नव्हती, काही विचारणंही नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि पाण्याला तोंड लावलं.

"आवाज येऊन नाही राहिला," वंदनाबाई कुजबुजल्या.

"कशाचा?"

"त्याच्या पाणी पिण्याचा."

गजघाट्यांनी एसीच्या बटणाकडे हात नेला, पण काच तशीही आवाज येऊ देणार नव्हती. वंदनाबाई उठल्या होत्या. त्यांनी दुपट्टा डोक्याला घेतला आणि दार उघडलं. गजघाटे त्यांना अडवणार होते. अडवलं नाही. पाण्याची बाटली घेऊन ते मागे उतरले.

ऊन अंगावर आलं ते भिंतीसारखं. त्यातून त्या मोहाच्या सावलीपर्यंत चालत गेल्या आणि खोडाला हात लावून थांबल्या. आता ऐकू येत होतं. लांब, जाड, सावकाश घोट. मध्ये थांबून सोडलेला श्वास. पुन्हा घोट. त्या सगळ्या जळत्या दुपारभर तेवढा एकच आवाज पसरला होता. गजघाटे बायकोच्या बाजूला उभे होते आणि त्यांना समजलं की आपण जनावराकडे पाहतच नाही आहोत. ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. बॉयलरचा झरोका पहिल्यांदा पाहिला तेव्हा आपला चेहरा कसा झाला असेल हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गव्याचं पिऊन झालं नव्हतं, पण वंदनाबाईंच्या कानशिलात ठोके पडू लागले. त्या स्वतःच वळल्या, सावकाश, पाचोळा वाजू न देता. डब्यात शिरून त्यांनी दार ओढून घेतलं, बाटलीतलं अर्धं पाणी प्यायलं आणि पलंगावर आडव्या झाल्या. काचेपलीकडे तो अजून उभा होता.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ताराचंदले सांगा, आम्ही उद्या वापस नाही जात."

"मंग कधी?"

"पाहू ना," त्या म्हणाल्या, आणि गार हवेत डोळे मिटून पडून राहिल्या. गजघाटे उठले आणि वायर कुठे तापत तर नाही ना, हे पाहायला खोपटाकडे गेले.