ओढ्यापलीकडची सासुरवाडी

फाल्गुन सरत आला की सांगलीच्या पेठेवर एक पिवळी दुपार उतरते. वखारींची दारे उघडतात, मोठाल्या पिंपांतून हळकुंडे घोळवली जातात, आणि त्यांच्या अंगावरून सुटलेली ती सूक्ष्म, उष्ण, किंचित कडवट धूळ उन्हात तरंगत राहते. झाडांच्या पानांवर बसते, बैलांच्या पापण्यांवर बसते, सायकलवरून कचेरीत निघालेल्या माझ्यासारख्याच्या पांढऱ्या कॉलरवर बसते. लोकांना तो वास मंगल वाटतो. लग्नघराचाच वास तो. मला मात्र त्या वासात मान वर करून चालता येत नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतरची काही वर्षे माझ्या सासूबाई त्या धुळीत बसून हळद निवडत होत्या, आणि संध्याकाळी त्या जिथे परतत, ती झोपडी माझ्या घराच्या मागच्या खिडकीतून दिसत होती.

सासूबाई म्हणजे माझी मामीच. आमच्याकडे मामाची मुलगी करतात. माण तालुक्यातल्या माझ्या गावची शाळा चौथीतच संपायची, म्हणून आईने मला वडूजजवळ तिच्या भावाकडे धाडले, आणि मिसरूड फुटेपर्यंत मी मामांच्या घरी वाढलो. त्यांच्या मेंढरांच्या लोकरीचा, ताकाचा आणि धुराचा वास माझ्या पाठ्यपुस्तकांना लागलेला होता. बाहेरून आलो की कुणाला न विचारता टोपल्यावरचे फडके उचलायचे आणि भाकरी काढायची, हा माझा हक्क होता. मामी नुसती ओरडायची, ‘‘आरं मुडद्या, पाय तरी धू!’’ पुढे साताऱ्याला बोर्डिंगात राहून मी पदवीधर झालो. आमच्या घराण्यातला पहिला. हे सांगताना माझी छाती अजून फुगते. खोटे कशाला बोलू? मग शालनशी माझे लग्न झाले, पाटबंधारे खात्यात नोकरी लागली, आणि सांगलीत हाउसिंग बोर्डाच्या नव्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. पक्की भिंत, शहाबादी फरशी, घरात नळ. पहिल्या दिवशी मी तो नळ उगाचच पुन्हा पुन्हा सोडून पाहिला होता.

लग्नात अक्षता पडल्या आणि मामा मला ‘अहो-जाहो’ करू लागले. तोवर मी ‘लेका’ होतो, ‘गड्या’ होतो, कधी ‘गाढवा’ही होतो, मांडवातून बाहेर पडलो तो ‘जावईबापू’ होऊनच. मला ते आवडले. ज्याने मला धोतराच्या सोग्याने नाक पुसायला शिकवले, तो माणूस माझ्यासाठी उठून उभा राहतो, याची एक गोड नशा असते.

दुष्काळात मामांची मेंढरे गेली. काही विकली, काही वाटेत बसली ती उठलीच नाहीत. खडी फोडण्याची सरकारी कामे बंद झाली तसे दोघे दाराला कुलूप घालून सांगलीला आले. हळदीला हात लागतात, मामांना वखारीत पोती उचलायचे काम मिळते, एवढेच कारण त्यांनी सांगितले. लेक इथे आहे, हे कारण त्यांनी कधी उच्चारले नाही. वसाहतीच्या मागे एक ओढा होता, आणि ओढ्यापलीकडे पत्रे, पोती, उसाचे पाचट यांची एक वस्ती वाढत होती. त्यात त्यांनी जागा धरली.

मी बोलावले नाही असे नाही. सायकल हातात धरून मी त्यांच्या झोपडीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘मामा, घर तुमचंच आहे. केव्हाही या.’’ मामा हात जोडून म्हणाले, ‘‘व्हय की. तुमचं घर म्हंजी आमचंच.’’ दोघेही समाधानाने हसलो, आणि दोघेही जागचे हललो नाही. लेकीच्या घरी आईबापाने राहायचे नाही. तिला मूल होईपर्यंत तर तिथले पाणीसुद्धा प्यायचे नाही, ही रीत. मामी एकदा घर पाहायला आली तेव्हा उंबऱ्याच्या आत दोन पावले टाकून फरशीकडे बघत राहिली. ‘‘आगं बया, घर हाय का आरसा? तोंड दिसतंय की खाली.’’ शालनने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर म्हणाली, ‘‘आदी नातू दाव, मग पानी पिते.’’ सगळे हसले. शालनही हसली, आणि तांब्या तसाच आत घेऊन गेली.

मी रीत पाळणाऱ्या माणसांचा आदर करतो. कॉलेजात शिकलो म्हणून घरचे सगळे टाकून देणाऱ्यांतला मी नव्हे. पण रीती अनेक असतात, आणि त्यांतली कुठली आपण आठवणीने पाळतो, हे पाहिले की माणूस कळतो. मामा माझे सासरे होते तसेच आईचे भाऊही होते. जावयाच्या घराला कुंपण होते. भाच्याच्या घराला नव्हते. भाच्याने म्हाताऱ्या मामाच्या दंडाला धरून ‘चला, नखरे नकोत’ म्हटले असते, तर कुठल्या रीतीने अडवले असते? हे मी त्या वेळी शब्दांत मांडले नाही. शालनने मांडले.

श्रावणातली गोष्ट. सांगलीवर स्वच्छ ऊन होते, कोवळ्या उसाची पाती चकाकत होती, आणि वर घाटमाथ्यावर मात्र पाऊस कोसळत असावा. कारण कृष्णा कुठलीही वर्दी न देता फुगली. नदी फुगली की तो ओढा उलटा वाहायचा. निळ्या आकाशाखाली गढूळ पाणी मागे मागे सरकत वस्तीत शिरताना मी खिडकीतून पाहिले. त्यात आवाज नव्हता, घाई नव्हती. चुलीमागून चुली ओळीने विझत गेल्या. बायका गाडगी डोक्यावर घेऊन निघाल्या. शालन माझ्या मागे उभी होती. एरवी ती फारसे बोलत नसे. ती म्हणाली, ‘‘तुमी हात धरून आनलं तर येतील. भाचा हाय न्हवं तुमी?’’

‘‘रीत आहे त्यांची,’’ मी म्हणालो. ‘‘त्यांना अवघडल्यासारखं होईल.’’

माझ्या मनात त्या क्षणी काय काय होते, ते मी पुष्कळदा तपासून पाहिले आहे. चिखलाचे पाय होते. शेजारच्या खोल्यांतले मास्तर आणि पोस्टातले बाबू होते, ज्यांना मी सासरे ‘गावाकडचे बागायतदार’ म्हणून सांगितले होते. आणि मामांचे ते उठून उभे राहणेही होते. माझ्याच घरात, माझ्याच भाकरीवर राहणारा माणूस माझ्यासाठी कसा उठून उभा राहणार?

वस्तीतली माणसे शाळेच्या व्हरांड्यात गेली. मी डबा घेऊन गेलो. मामीने दोन्ही हातांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि शेजारच्या पोरांना वाटून टाकला. ‘‘हितल्या लेकरांनी खाल्लं. पुण्य लागलं तुमास्नी,’’ ती म्हणाली. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो सहन केला असता.

पाणी उतरल्यावर पालिकेने ठरवले की ओढ्याकाठची वस्ती हलवायची आणि ज्यांना शहरात दुसरा आसरा नाही, त्यांना पलीकडच्या माळावर एकेक खोली बांधून द्यायची. पाहणीला आलेले साहेब माझ्या तोंडओळखीचे होते. त्या दिवशी मी मुद्दाम तिथे गेलो होतो, मामांसाठी शब्द टाकावा म्हणून. एवढे तरी करायचे, असे मी ठरवले होते. साहेब झोपडीपुढे थांबले आणि त्यांनी मामांना विचारले, ‘‘शहरात कोण आहे तुमचं?’’

मी तोंड उघडण्याच्या आत मामा म्हणाले, ‘‘कुनीबी न्हाई, सायेब. आमी दोघंच.’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. ‘‘तुम्ही इकडे कसे?’’

‘‘त्ये वसाहतीतलं सायेब हायेत,’’ मामाच बोलले. ‘‘लय भलं मानूस. पान्याच्या टायमाला पोरास्नी भाकरी दिली त्यांनी.’’

असे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितले नाही. मामी पदर तोंडाशी धरून चुलीकडे वळली. मी ‘हो’ म्हणालो की नुसतीच मान हलवली, ते आठवत नाही. जावई आहे म्हटले असते तर त्यांची खोली गेली असती, हे खरे. त्यांनी शहाणपणच केले, हेही खरे. पण ते वाक्य त्यांच्या तोंडी इतके सहज आले, की ते त्यांनी त्या घटकेला रचले असावे असे मला वाटले नाही. कधीपासून तरी ते मनात पिकत आले असावे.

खोल्या बांधून झाल्या. ओळीने उभ्या, कौलारू, पुढे हातभर ओटा. दुसऱ्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या दारात मामा उभे. धुतलेले धोतर, डोक्याला तांबडा पटका, हातात बांगड्यांची पुडी. लेकीला सणाला माहेरी न्यायला बाप किंवा भाऊ येतो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. मुराळी एसटीने येतो, बैलगाडीने येतो, दोन-दोन मुक्काम करून येतो. हा मुराळी ओढ्यावरच्या साकवावरून चालत आला होता. तरी प्रवासाला निघाल्यासारखी त्यांनी खांद्यावर घोंगडी घेतली होती.

‘‘जावईबापू, पोरीला पंचमीला न्यायला आलोय,’’ ते म्हणाले. ‘‘तुमची परवानगी आसल तर.’’

शालन कधीचीच आत गाठोडे बांधून बसली होती. ती वसाहतीतल्या बायकांना मोठ्याने सांगत सुटली, ‘‘माहेरी चाललेय मी, माहेरी!’’ कुणीतरी विचारले, कुठे गं माहेर? तिने हात लांब करून माळाकडे दाखवले. गेल्या दोन पंचम्यांना तिने ‘गावाकडे दुष्काळ आहे’ असे सांगून दार लावून घेतले होते, हे मला तिच्या त्या लांब केलेल्या हाताकडे बघताना उमगले. इतके दिवस बेघर झालेले दोघेच आहेत असे मी समजत होतो.

सणाच्या दुपारी मी एकटाच घरात होतो. जावयाने बोलावणे आल्याशिवाय सासुरवाडीला जायचे नसते. बोलावणे संध्याकाळचे होते. पण फरशीवर बसून राहवेना. म्हटले, आज भाचा म्हणून जावे. न सांगता जावे, टोपल्यावरचे फडके उचलावे, मामीच्या शिव्या खाव्यात. चालताना मला खरोखरच लहान झाल्यासारखे वाटत होते. माळावर गवताला फुले आली होती आणि पुरणाचा वास ओळीतल्या प्रत्येक दारातून येत होता.

त्यांच्या दारापर्यंत पोचलो तेव्हा आत हसणे चालले होते. मामांचे ते खोकल्यात मिसळणारे जुने हसणे, मामीचा चढा आवाज, ‘‘आगं, तुजा बा मुराळी झाला आन् साकवावरच दमून बसला!’’ आणि शालनचे खळखळून हसणे, जे मी माझ्या दोन खोल्यांत कधी ऐकले नव्हते. मी ओट्यावर पाय ठेवला. पायरव ऐकताच हसणे थांबले.

मामी झटकन पदर सावरून भिंतीशी सरकली. शालन उठून उभी राहिली. मामांनी मांडीखालची घोंगडी ओढून घेतली, दोनदा झटकली, खोलीतली सर्वांत चांगली जागा हाताने पुसून तिथे अंथरली आणि म्हणाले, ‘‘या, या जावईबापू, बसा. शालन, पाय धुवायला पानी दे त्यास्नी.’’

टोपले कोपऱ्यात होते, हात लांब केला असता तर पोचला असता इतके जवळ. मी चपला काढल्या, पाय पुढे केले, आणि शालन त्यांवर पाणी घालत असताना खाली मान घालून उभा राहिलो. पाणी उन्हाने कोमट झालेले होते. घोंगडीवर बसलो, तेव्हा आपल्याला या घरात दुसरे कुठे बसता येईल का, ते शोधत माझी नजर उगाचच त्या एवढ्याशा खोलीभर फिरत राहिली.