आईची बोली
कार्बोलिक साबणाचा वास आला की मला कोरेगावची ती सकाळ आठवते. हे इटलीतल्या लढाईवरून नुकतेच परतले होते आणि मुलाला पाचगणीच्या बोर्डिंगात घालायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. न्हाणीपाशी मी त्याचे नवे सदरे धूत होते, तेवढ्यात हे जवळ येऊन बसले. म्हणाले, "तिकडं एक अमेरिकन शिपाई भेटला. मला म्हनला, मीबी इंडियन. तिकडच्या मूळ लोकांनाबी इंडियनच म्हणत्यात. मुळात देश त्यांचाच. गोऱ्यांनी पश्चिमेकडं रेल्वे नेली, रानरेड्यांचे कळप मारले, जमिनी घेतल्या. मग यांना सुधारायचं म्हणून ल्हान पोरं उचलून बोर्डिंगात घातली." "मग शिकली की पोरं," मी म्हटलं. "शिकली. पण आपली बोली बोललं की तोंडात साबण कोंबायचे. ह्यो मोठा होऊन घरी गेला, तवा आय काय म्हणती, त्येलाच कळंना." माझे हात पाण्यात तसेच राहिले. "सख्ख्या आयचं?" एवढंच तोंडातून निघालं. पाचगणीला तसलं काही नव्हतं, हे ठाऊक असूनही मुलाला मी गावच्याच शाळेत ठेवलं. आता तो परदेशातून फोन करतो, आम्ही पोटभर बोलतो, आणि फोन ठेवल्यावर मनात येतं, दारात आलेल्या लेकाशी त्या शिपायाच्या आईनं काय काय बोलून पाहिलं असेल?