कुणाच्या नावानं मागायचं?

पाळक व्हायचं तर आधी वर्षभर उमेदवारी करावी लागते, हे पोरीला ठाऊक होतं. पण चर्चनं तिला धाडलं ते थेट इस्पितळात, सगळ्या धर्मांच्या आजाऱ्यांपाशी बसायला. निघताना पाळकबाईंनी बजावलं, "ऐकायचं. आपला देव कुणाच्या गळ्यात मारायचा नाही." पोरीनं ते इतकं मनावर घेतलं की कुणी पाणी मागितलं तरी ती दोनदा विचार करी.

त्या दिवशी म्हातारा शिंपी अडून बसला. धर्मानं मुसलमान, स्वभावानं हेकट. काळजाची झडप बदलायची होती, आणि आज नाही तर पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण शिंप्याला आधी दुआ हवी होती, आणि मौलवी प्रवासात अडकलेले.

"अब्बा, मी करते ना," सून काकुळतीला आली.

"तू रोजच करतेस. तरी झडप बिघडलीच ना?" म्हाताऱ्यानं पोरीकडं बोट केलं. "ही कशाला बसलीय मग? देवाच्याच धंद्यातली ना? कर सुरू."

पोरीला पेच पडला. येशूचं नाव घ्यावं तर गळ्यात मारल्यासारखं. त्यांची दुआ म्हणावी तर येत नाही. शेवटी डोळे मिटून ती मोठ्यानं म्हणाली, "जे कुणी ऐकत असाल, त्यांनी यांच्याकडं जरा लक्ष द्यावं..."

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. "पोरी, पत्त्याशिवाय पत्र कुणाच्या दारात पडायचं? तू घरी कुणाला हाक मारतेस?"

"येशूला."

"मग त्यालाच मार. अनोळख्याकडं मागून कधी काही मिळालंय? तुमचा येशू म्हणजे आमचा ईसा, आमच्यातही मानाचा आहे."

"पण आमच्या बाई म्हणाल्यात..."

"बाईंची झडप बिघडलीय का?"

पोरगी हरली. मग घरी मागते तसंच तिनं मागितलं, हळू आवाजात, अडखळत, मध्येच रडत. संपल्यावर म्हातारा स्ट्रेचरपाशी उभ्या वॉर्डबॉयला म्हणाला, "ढकल."

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर सून आणि पोरगी बसल्या. आपण चूक केली की बरोबर, पोरीला काही उमगेना. सून म्हणाली, "तू शेवटी 'देवाचा पुत्र' म्हणालीस. ते आमच्यात चालत नाही. अब्बांना ऐकू कमी येतं, म्हणून निभावलं."

"माफ करा, ताई. मी जाते."

"जातेस कुठं? बस." तिनं पोरीचा हात आवळून धरला आणि डोळे मिटून आपली दुआ सुरू केली. हात आपल्याकडं, तोंड तिच्या देवाकडं. आता आपण डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत? पोरीनं ते अर्धवटच ठेवले.

दार उघडलं. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही दोघी घरच्याच ना?"

"नाही," पोरगी म्हणाली.

"हो," सून म्हणाली.

डॉक्टर आळीपाळीनं दोघींकडं बघत राहिले. "बरं. झडप नीट बसलीय. शुद्धीवर यायला वेळ लागेल."

सून हमसून रडायला लागली. पोरगी तिची पाठ थोपटत राहिली, आणि आपल्या दोघींपैकी खोटं नक्की कोण बोललं, ते काही तिला कळेना.