पांढुर्ण्याची सहल आणि मामांच्या निळ्या मिशा

या वेळची सहल मी ठरवलीच नाही, मामींनी ठरवली. पोळा आटोपल्यावर त्यांचा फोन आला. "तुह्या मामाले सांगून सांगून मी थकली. मागच्या साली फवारता फवारता वावरातच पडले, सलाईन लागली, तरी म्हणतात ऊन लागलं. रामाकोना गावाले फवारणीची ट्रेनिंग आहे. तू ये आन घेऊन जा त्याईले. तुह्यंच ऐकतात ते."

मामींचा आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता. त्या घाबरल्या होत्या. मी त्याच दिवशी पुणे-नागपूर तिकीट काढलं.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. पांढुर्ण्याच्या बाजूला तिगावजवळ त्यांचं कपाशीचं वावर आणि संत्र्याचा बगीचा आहे. नातेवाइकांत ते दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहेत. फोन पहिल्या रिंगला उचलतात, पाठीवर फवारणीचा पंप असला तरी. आणि खर्रा कधी एकट्याने खात नाहीत. सुपारी, तंबाखू नि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटायचा आणि चिमूटचिमूट सगळ्यांना वाटायचा. नाही म्हणणाऱ्यावर मामा दोन दिवस रुसतात.

नागपूरहून पांढुर्णा गाडीने साधारण दोन तास. जनरलचं तिकीट स्वस्त, पण खिडकी हवी असेल तर लवकर पोचा. पांढुर्ण्यात उतरलात की आधी तर्रीपोहे खा. तर्री कमी टाका असं सांगायला लाजू नका, मी लाजले आणि तासभर पाणी पीत बसले. गाव आता जिल्ह्याचं ठिकाण झालंय. पाट्या हिंदीत, भांडणं मराठीत. आणि हो, संत्री खायला येणार असाल तर दिवाळीनंतर या. आत्ता झाडावर आहेत ती हिरवीगार, आणि चाखायचा मोह माझ्यासारखा अंगाशी येतो.

मामा मोटरसायकल घेऊन स्टेशनवर आले आणि सगळ्या फलाटासमोर माझ्या पाया पडले. मामाने भाचीच्या पाया पडायचं ही आमच्याकडची रीत. पुण्यात वाढलेली मी दर वेळी मागे सरते, ते दर वेळी पुढे येतात.

जेवायला पाटोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, झणझणीत भाजी आणि ज्वारीची भाकर होती. मी साळसूदपणे विषय काढला, "मामा, ब्लॉगसाठी मला रामाकोन्याची ट्रेनिंग बघायचीये. तुम्ही न्याल का?"

मामा भाकर मोडता मोडता हसले. "मामीनं फोन लावला होता ना? मले समजते सगळं. अवो, जलम गेला औषध फवारण्यात. मले काय होते? पण भाचीले नाही म्हणाले जमत नाही बापा. गुलाबलेही घेऊ संगं."

गुलाबराव हे शेजारच्या वावराचे मालक आणि मामांचे शाळेपासूनचे दोस्त. एकमेकांची फवारणी दोघं मिळून करतात. मागच्या हंगामात मामा पडले त्याच आठवड्यात गुलाबरावांना उलट्यांनी हैराण केलं होतं. निदान दोघांनीच केलं होतं: ऊन.

सकाळी गुलाबरावांच्या जुन्या जीपमधून निघालो. पांढुर्णा ते सौसर रस्ता छान आहे, दोन्ही बाजूंना कपाशी आणि मधेमधे संत्र्याचे बगीचे. वाटेत जामसावळीला निजलेल्या हनुमानाचं दर्शन घेतलं. शनिवार-मंगळवार टाळलात तर निवांत होतं. सौसरला चहा आणि गरम समोसे झाले आणि छिंदवाड्याच्या रस्त्याने रामाकोना गाठलं.

ट्रेनिंग म्हणजे पंखे लावलेला हॉल असेल असं मला वाटलं होतं. होतं एक कपाशीचं वावर, बांधावरचा कडुनिंब आणि त्याखाली पसरलेली सतरंजी. शिकवणाऱ्या वनिता मॅडम सौसरच्याच. त्यांनी भाषण केलंच नाही. पांढऱ्या कापडाचा एक सदरा आणि अर्धा भरलेला पंप पुढे केला. "टाकीत औषध नाही, कपड्याची नीळ आहे, घट्ट कालवलेली. कोणीतरी रोज फवारता तसं फवारून दाखवा. एकदम रोजच्यासारखं."

गुलाबरावांनी मामांना पाठीत ढुसणी देऊन पुढे ढकललं. मामा खुशीत आले. बादलीतली उरलेली नीळ त्यांनी कोपरापर्यंत हात घालून ढवळली, पंपात ओतली, सदरा चढवला आणि वाऱ्याच्या तोंडावर चालू पडले. मधेच नोझल तुंबलं. मामांनी ते तोंडात धरून फुंकलं आणि पुढे निघाले.

थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या, "बस काका. आता दम घ्या, रोज घेता तसा."

मामांनी डब्यातल्या पाण्यात हात खळबळले, पँटला पुसले आणि सवयीने खिशातून प्लास्टिक काढून खर्रा घोटला. पहिली चिमूट गुलाबरावांना, मग शेजारच्यांना, शेवटी स्वतःला.

"आता सगळे हात दाखवा," मॅडम म्हणाल्या.

मामांच्या मिशा निळ्या झाल्या होत्या. त्यावर जो हशा उठला, त्यात माझाही आवाज मोठा होता. सदऱ्याची छाती निळी, पाण्याच्या डब्याचं तोंड निळं. ज्यांनी खर्रा घेतला त्या सगळ्यांच्या बोटांवर निळे ठसे. आणि गुलाबरावांचा खालचा ओठ निळा.

गुलाबरावांनी ओठ पुसला, बोटाकडे पाहिलं. "म्हंजे मागच्या साली मले तुह्याच हातानं ऊन लागलं होतं काय बे?"

ते गमतीतच बोलले होते, पण मामा हसले नाहीत. ते नुसते त्या ओठाकडे बघत राहिले. "मीच देल्लं त्याले," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधीच पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

"पक्कं कोण सांगणार काका," मॅडम म्हणाल्या, "पण यापुढं तरी होऊ द्यायचं नाही." मग त्यांनी एकेक करून दाखवलं. औषध काठीने ढवळायचं. वारा पाठीशी ठेवायचा. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. नोझल जुन्या टूथब्रशने साफ करायचं. फवारलेले कपडे वेगळे धुवायचे. गरगरलं तर ऊन-ऊन करत बसायचं नाही, बाटलीवरचं लेबल घेऊन थेट डॉक्टरकडे जायचं. आणि साबणाने हात धुतल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही.

पहिला प्रश्न मामांचा होता. "हातमोजे घातले तं खर्रा कसा घोटाचा म्याडम?"

"म्हणून तर घालायचे! आणि खर्राच सुटला तर मी पेढे वाटीन."

परतताना सौसरच्या बाजारात मामांनी हातमोज्यांचे दोन जोड घेतले. एक गुलाबरावांच्या मांडीवर टाकला आणि बाहेर बघत बसले. जीपमध्ये सौसर ते पांढुर्णा कोणी खर्रा काढला नाही.

निघताना स्टेशनवर मामांनी आधी दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. "पाह्य, साफ आहेत." मग पाया पडले. या वेळी मी मागे सरले नाही.

पुण्यात आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, पांढुर्ण्यात बघण्यासारखं काय? जामसावळी सांगितलं, तर्रीपोहे सांगितले, संत्र्याचे बगीचे सांगितले. मनात मात्र एकच होतं, हे टिकेल का? एका दिवसाच्या निळीने आयुष्यभराची सवय धुऊन निघते यावर माझा फारसा विश्वास नव्हता.

पुढच्या फवारणीच्या दिवशी मी मामांना फोन केला. पहिली रिंग गेली, दुसरी गेली, वाजून वाजून फोन कट झाला. पुन्हा लावला, तेच. पहिल्या रिंगला फोन उचलणारा माणूस उचलत नव्हता. तिसऱ्यांदा मामींनी उचलला.

"मामा कुठंयत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"हे काय, इथंच. थांब, कानाले लावते त्याईच्या."

"बोल बाई," मामांचा आवाज आला. "पंप आत्ताच उतरवला. हात धुतले नाही अजून, मंग फोन कसा उचलू?"

"आणि गुलाबराव?"

"तो बसला बांधावर तोंड फुगवून. म्हटलं साबण लाव, मंगच खर्रा भेटन."

मागून मामींचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा चढलेला, "आटपा लवकर, फोन धरून धरून माहा हात दुखून राहिला!"